उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं, कागद मात्र एका वर्षाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून-जुलै आला की आपल्या पेपरात "नाशिकच्या कन्येची परदेशात भरारी" असे फोटो यायला लागतात, पेढा भरवणारे आई-वडील आणि मागे शाल घेऊन उभे असलेले कुणीतरी काका. आमचाही आला होता २०१८ ला, लेक अमेरिकेला निघाली तेव्हा. कात्रण मी देवघराखालच्या कपाटात ठेवलंय आणि खोटं कशाला बोलू, अजूनही पाहुणे आले की काढून दाखवते. पण फोटोच्या नंतर काय होतं आणि ह्या पोरांना कसली मदत लागते ते कुणी छापत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मोबाइलवर टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

माझी लेक म्हातारपणावर संशोधन करते. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना अजून वाटतं की ती तिकडे वृद्धाश्रमात नोकरीला आहे, आणि मीही आता समजावून सांगायचं सोडून दिलंय. वय वाढताना शरीरात आत नेमकं काय बिघडतं, त्यातही स्नायूंची ताकद का जाते, हा तिचा विषय. मी स्वतः ३१ वर्षं ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवली, त्यामुळे तिच्या कामातलं निम्मं मला कळतं आणि उरलेलं निम्मं ती मला उंदरांच्या भाषेत सांगते.

सगळी भानगड उंदरांपाशीच आहे. लॅबमधला उंदीर साधारण अडीच-तीन वर्षं जगतो. म्हातारपण बघायचं म्हणजे त्याला म्हातारा होऊ द्यायला लागतं, त्यात घाई करता येत नाही, २४ महिन्यांचा झाला की तो आपल्या सत्तरीच्या आसपास आला असं धरतात. म्हणजे प्रयोग उभा करायला काही महिने, उंदीर वाढायला दोन वर्षं, मग मोजमाप, मग लिहिणं, झाली की चार वर्षं. आता पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती नोकरी कशी असते बघा. नेमणुकीचं पत्र एका वर्षाचं, दरवर्षी रिन्यू होणार, तेही बॉसची ग्रँट, म्हणजे संशोधनाला मिळालेला पैसा, शिल्लक असेल तर. अमेरिकेत जे-१ व्हिसावर गेलेल्या रिसर्च स्कॉलरला जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात, त्यातही मधेच नोकरी गेली तर व्हिसा गेला आणि उंदीर राहिले तिथेच. कॅन्सरच्या पेशी डिशमध्ये वाढवणारं पोरगं निदान सहा महिन्यांत काहीतरी दाखवू शकतं, म्हातारपणावर काम करणाऱ्याला ती सोयच नाही. ह्या पोरांना इतर शास्त्रज्ञांपेक्षा वेगळी मदत का लागते त्याचं हे खरं कारण आहे, आणि हे मला कळायला पाच वर्षं लागली, तर बाकीच्यांचं काय सांगू.

२०२२ च्या डिसेंबरात धाकट्याचं लग्न होतं म्हणून ती आली. तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. अमेरिकेत राहायला तो लागत नाही, त्यांचा वेगळा कागद दरवर्षी वाढवून मिळतो, पण एकदा बाहेर पडलं की परत आत शिरायला नवीन शिक्का पाहिजे. मुंबईला इंटरव्ह्यू झाला, दोन मिनिटांचा, आणि हातात एक रंगीत चिठ्ठी दिली की अजून तपासणी बाकी आहे. किती दिवस? उत्तर नाही. लग्न झालं, पूजा झाली, जावई परत गेले आणि ही नऊ आठवडे इथेच अडकली. तिकडे तिचे चौतीस उंदीर जानेवारीत २४ महिन्यांचे होत होते. ६, १२ आणि १८ महिन्यांची मोजमापं तिने स्वतः केलेली, आणि शेवटचं, ज्याच्यासाठी दोन वर्षं वाट बघितली, ते नेमकं आत्ता.

मग काय, रात्री अडीचला तिच्या लॅबमधला एक कोरियन मुलगा व्हिडिओ कॉल लावायचा, तिकडे तेव्हा दुपारचे चार. ही ओट्याशी मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून उभी, अंगावर माझी शाल, आणि मी चहा करत बघत बसायचे. एक छोटी जाळी असते, तिला ताकद मोजायचं यंत्र जोडलेलं. उंदराला शेपटीला धरून हळूच जाळीवर सोडतात, तो पुढच्या पायांनी जाळी धरतो, मग त्याला मागे ओढायचं, ज्या क्षणी पकड सुटते तो आकडा लिहायचा. असं तीनदा. तरुण उंदीर म्हणे चिकटूनच बसतो. हे आजोबा उंदीर, पाठीवरचे केस विरळ झालेले, जाळी धरायचे आणि लगेच सोडून द्यायचे. ही इकडून ओरडायची, "अरे हळू, त्याला आधी बसू दे", आणि सासूबाई आतून, "एवढ्या रात्री कुणाला ओरडतेस गं?"

चौतीसातले सहा त्या नऊ आठवड्यांत मेले. वयाने मेले, कुणाची चूक नाही. पण मोजमाप दुसऱ्या हाताने झालं म्हणून पुढे पेपरच्या वेळी वाद निघाला, आणि २०२३ ला तिथली मुदत संपून ती निघाली तेव्हा उंदीर लॅबचे, डेटा लॅबचा, हिने पाच वर्षं लिहिलेल्या वह्यासुद्धा तिथेच ठेवायच्या. नियमच तसा असतो, वही संस्थेच्या मालकीची, त्यात काही बेकायदेशीर नाही. फक्त जाताना काय बरोबर नेता येईल, पेपरवर नाव कितव्या नंबरला येईल, हे जॉइन होतानाच विचारून मेलवर लेखी घ्यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, भांडायचं नाहीये मला.

दुसरी गोष्ट ह्याहून जास्त लागते मनाला. अमेरिकेच्या एनआयएच ह्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची के-९९ नावाची एक ग्रँट आहे, पोस्टडॉकची शेवटची एक-दोन वर्षं आणि मग स्वतःची लॅब उघडल्यावर तीन वर्षं असा पैसा देणारी. लेकीच्या डोक्यात पक्कं होतं की सरकारी ग्रँट म्हणजे अमेरिकन नागरिकांनाच, कारण तिथल्या बऱ्याच फेलोशिपना तशी अट खरंच असते. ह्या एकीला ती नाहीये! बाहेरची पोरंसुद्धा भरू शकतात. पण पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांच्या आत पाहिजे. हे तिला कळलं तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं, तेही कँटीनमध्ये, शेजारच्या लॅबमधल्या तुर्की मुलीकडून. म्हणजे एका वाक्याची किंमत बघा तुम्ही. एक वाक्य वेळेवर कुणी बोललं असतं तर.

युरोपचंही तसंच. मारी क्युरी फेलोशिप चांगली, घर हलवायचा आणि कुटुंबाचा वेगळा भत्ता देते, पण अट अशी की ज्या देशात जायचं तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नको. आपली पोरं काय करतात, आधी मिळेल ती नोकरी घेऊन जाऊन बसतात आणि दीड वर्षाने फॉर्म भरायला घेतात. गेलं मग ते.

आता ती जर्मनीत आहे. तिथे म्हातारपणावरच काम करणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत, येना गावात लायब्निट्झची आणि कोलोनला माक्स प्लांकची, पैकी एका गावात आहे एवढं सांगते. तिथे गेल्या गेल्या संस्थेतल्या एका बाईने हिला हाताला धरून फिरवलं. तिकडे आधी महापालिकेत "मी ह्या पत्त्यावर राहायला आले" अशी नोंद करायला लागते, त्याशिवाय पुढचं पान हलत नाही, आणि नोंदीला घरमालकाची सही पाहिजे, आणि घरमालक म्हणतो आधी पगाराची स्लिप दाखवा. म्हणजे आपल्याकडे रेशन कार्डाला जो गोल गोल प्रकार चालायचा तोच, फक्त जर्मन भाषेत. त्या बाईने आधी गेस्ट हाऊसचा पत्ता लावून दिला, मग घर बघितलं, नातवाची पाळणाघराची अर्जाची रांग लावली आणि जावयांचा बायोडेटा जर्मन पद्धतीने लिहून घेतला. एवढंच तिचं काम, पगार त्याचाच.

जावयांचं मुद्दाम सांगते कारण ते कुणी धरतच नाही. सिव्हिल इंजिनिअर, इथे इंदिरानगरला स्वतःच्या साइट बघायचे. अमेरिकेत जे-१ च्या जोडीदाराला काम करता येतं, पण परवान्याचा वेगळा अर्ज, आणि बायकोचा कागद वाढवला की हाही परत काढायचा. पहिल्या वर्षी सात महिने घरी बसले. माणूस चिडचिडा झाला होता, बोलायचा नाही नीट. जर्मनीत संशोधकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. माझी लेक शास्त्रात टिकली ती निम्मी ह्या एका नियमामुळे असं माझं मत आहे, तिला विचारलं तर ती नाही म्हणेल. आणि जोडीदारावरून आठवलं, २००९ ला टेलोमेर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, ह्यावरच्या कामासाठी नोबेल मिळालेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न, मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या, केंब्रिजहून वेगळीकडेच जायचं ठरवत होत्या, पण होणारा नवरा अमेरिकेतल्या येल विद्यापीठात निघाला म्हणून त्याही येलला गेल्या आणि तिथे टेट्राहायमेना ह्या डबक्यातल्या एकपेशीय जिवावर काम सुरू झालं. दरवर्षी टेलोमेर शिकवताना मी हे सांगायचे, मुली लगेच खुसखुसायच्या.

जर्मनीत सगळं गोडच आहे असंही नाही. पीएचडीनंतर सहा वर्षं ठरावीक मुदतीच्या करारावर काम करता येतं, मूल असेल तर थोडी जास्त, त्यापुढे कायमची जागा किंवा प्रकल्पाचा बाहेरचा पैसा नसेल तर उठा. म्हणून आमच्या बाईसाहेबांनी उंदीर सोडले आणि मासा घेतला. किलिफिश म्हणून एक बोटाएवढा मासा आहे, मोझांबिक-झिंबाब्वेकडच्या पावसाळी डबक्यांत राहणारा. आपल्याकडे जूनमध्ये माळावर डबकी साचतात आणि दिवाळीनंतर आटतात ना, तसली डबकी. डबकं आटायच्या आत जन्मायचं, मोठं व्हायचं, अंडी घालायची आणि मरायचं. अंडी सुक्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. चार-सहा महिन्यांत म्हातारा होतो तो, रंग उतरतो, पाठ वाकते. मी म्हटलं, "अगं पण तुझा विषय उंदराचा स्नायू होता ना?" तर म्हणते, "आई, करार बघून प्राणी निवडलाय." हसत म्हणाली. मला नाही हसू आलं. शास्त्रात प्रश्न बघून प्राणी निवडतात असं मी पोरांना शिकवलं होतं.

"मग परत या की भारतात" असं म्हणणारे आमच्याकडे दर रविवारी येतात. रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, रामानुजन आहे, इंडिया अलायन्स आहे २००८ पासून, पैसा अगदीच नाही असं नाही. पण फेलोशिप पाच वर्षांची, पुढे पक्की जागा मिळेलच असं नाही, आणि उंदीर म्हणाल तर अमेरिकेत त्यांची राष्ट्रीय एजिंग संस्था म्हातारे उंदीर सांभाळून ठेवते, ग्रँटवाल्या संशोधकाला तयार १८-२० महिन्यांचे विकत मिळतात. हिने इथे एका ठिकाणी चौकशी केली तर उत्तर आलं, तुम्हीच वाढवा. म्हणजे पाचातली दोन वर्षं वाट बघण्यात गेली. जपानचे शिन्या यामानाका सॅन फ्रान्सिस्कोहून १९९६ ला मायदेशी परतले तेव्हा उंदरांची उस्तवार स्वतःच करत बसायचे, निराश होऊन संशोधन सोडून परत डॉक्टरकी करायच्या बेतात होते असं त्यांनीच सांगितलंय. १९९९ ला नारा इथे नोकरी आणि स्वतःची लॅब मिळाली म्हणून टिकले. २००६ ला त्यांनी वाढलेल्या पेशीला परत मूळ अवस्थेत नेणारे चार जीन दाखवले, २०१२ ला नोबेल. आज पेशींचं वय मागे नेण्याच्या ज्या गप्पा चालतात त्या सगळ्या त्यावर उभ्या आहेत. परत आलेल्या माणसाला पहिली तीन वर्षं सांभाळणं हे वेगळंच काम आहे, त्याला फेलोशिपचं पत्र पुरत नाही.

आणि गरज कुणाला आहे, आपल्यालाच ना. २०२२ ला देशात साठीच्या वरचे १४.९ कोटी होते, २०५० ला ३४.७ कोटी होणार असा अंदाज आहे, आपल्या मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने यूएनएफपीए ह्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या संस्थेबरोबर काढलेल्या २०२३ च्या अहवालातले आकडे आहेत हे. बंगळुरूच्या आयआयएससी ह्या विज्ञान संस्थेने २०२४ ला लाँजेव्हिटी इंडिया हा म्हातारपणावरच्या संशोधनाचा उपक्रम सुरू केलाय, चांगलं आहे. पण बाहेरचा शास्त्रज्ञ इकडे आला तर आपण त्याचं काय करतो तेही बघू.

२०२३ ला आमच्या खालचा वन बीएचके एका ब्राझीलच्या मुलीने घेतला, फिजिओथेरपीतली, वयस्कर लोकांच्या हाताच्या पकडीवर तिचं काम. घेतला म्हणजे काय, सोसायटीने तीन आठवडे लोंबकळत ठेवलं. परदेशी, एकटी, मांसाहारी असणार, हे मुद्दे. मग कळलं की परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत सरकारला फॉर्म भरून कळवायचं असतं, ऑनलाइन, आणि १८० दिवसांपेक्षा मोठा व्हिसा असेल तर तिने चौदा दिवसांत नोंदणी करायची. घरमालक घाबरून गेला, त्याला वाटलं पोलिस केस आहे. त्यात आरोग्याच्या संशोधनात परदेशी भागीदार असला की दिल्लीच्या समितीची परवानगी लागते, ती यायला पाच महिने. आठ महिन्यांसाठी आलेली मुलगी, त्यातले पाच ती कॉलेज रोडला मिसळ खात आणि मराठी शिकत बसली. शेवटच्या तीन महिन्यांत तिने धावपळ करून काम केलं. सासूबाईंच्या हातात ते दाबायचं यंत्र दिलं, म्हणाली, "आजी, जोरात." सासूबाईंनी दाबलं, काटा जेमतेम तेरावर गेला. वय ८४. "दळण दळायचे तेव्हा यायला पाहिजे होतंस," म्हणाल्या. मला एकदम ते आजोबा उंदीर आठवले जाळीवरचे, पण बोलले नाही, सासूबाईंना उंदीर म्हटलेलं आवडलं नसतं.

तर माझं म्हणणं असं की नाशकात एवढं मोठं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे म्हसरूळला, राज्यभरातली मेडिकल, डेंटल, फिजिओ कॉलेजं त्याला जोडलेली. तिथे एक टेबल आणि एक माणूस द्या. जाणाऱ्याला कुठली ग्रँट कितव्या वर्षी बंद होते ते सांगणारा, येणाऱ्याला घर आणि नोंदणी लावून देणारा, परवानगीचा अर्ज मुलगी विमानात बसायच्या आधी भरून घेणारा. मोठ्या योजनेचं नाव द्यायची आणि उद्घाटन करायची गरज नाही.

पैशाचंही एक आहे. नोकरी लागली तरी पहिला पगार यायला महिना-दीड महिना जातो, जर्मनीत घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात, तिकिटाचे पैसे संस्था देते पण नंतर, बिलं लावल्यावर. म्हणजे नोकरी मिळालेल्या माणसालाच तीन-चार लाख उसने लागतात. आमच्या वेळी आमची बायकांची भिशी कामाला आली. बारा जणी, पाच-पाच हजार, साठ हजार. नंबर माझा नव्हता, शेजारणीचा होता, तिने दिला. बाकीचे ह्यांच्या एफडीतून मोडले. अशी बिनव्याजी भिशी आम्ही आता फक्त ह्याच कामासाठी चालू करतोय, सध्या सात घरं आहेत, सगळ्यांची पोरं कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये. परत फेडायची मुदत एक वर्ष.

दुसरं म्हणजे महिन्यातून एका रविवारी दोन तास बसायचं, गेलेल्या पोरांनी तिकडून व्हिडिओवर यायचं आणि जाणाऱ्यांनी समोर बसून विचारायचं. जागेसाठी सार्वजनिक वाचनालयाला विचारायचा विचार आहे. १८४० पासूनची संस्था, इतके लोक बसून गेलेत तिथे, आम्हालाही बसू देतील. अजून विचारलेलं नाही, हे छापून आलं की कात्रण घेऊनच जाईन.

आणि जे-१ वाल्यांसाठी, दोन वर्षं भारतात येऊन राहायच्या अटीची अमेरिकेची जी यादी होती त्यातून डिसेंबर २०२४ ला भारताचं नाव निघालंय. मात्र पैसा सरकारी असेल तर अट वेगळ्या कारणाने लागू शकते, तेव्हा आपला कागद वाचा. कितीतरी पोरं अजून जुन्याच भीतीत बसलीत.

पत्र फार लांबलं, मला माहितीये तुम्ही कापणार. उंदीर कापा, मासा कापा, सासूबाई कापल्या तरी चालतील, त्या तसाही पेपर वाचताना माझंच नाव शोधणार. पण के-९९ ची ती चार वर्षांची अट तेवढी कापू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक